जेटीचा दिवा आणि आपली पाटी

आम्ही राधानगरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. गटात आम्ही १२ जणी आहोत आणि आमचा धंदा मासळीचा. रात्री फोंडा घाट चढून मासळीचा टेम्पो येतो. पहाटे आम्ही बर्फातला माल उतरून घेतो आणि आठवडी बाजारात पाट्या मांडतो. जून-जुलैमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते. तेव्हा सुका बांगडा, बोंबील, जवळा यांच्यावर घर चालतं. श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर विचारूच नका.

आजवर आम्ही मासा विकला, पण तो पकडतात कसा हे कधी बघितलं नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर ते बघायला मिळालं. ज्या काकींकडून आम्ही माल घेतो त्या सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी राहतात. त्या म्हणाल्या, "तुमी नुसते पैसे मोजतात. एकदा रात्रीच्या येवन बघा." म्हणून आमच्यातल्या चौघी गेलो. तिथे जेटीच्या दिव्याखाली, छोट्या होडीतून, रात्रीची मासेमारी बघितली. तेच आज तुम्हाला सांगायचंय. आणि त्यानंतर आमच्या गटात जे भांडण झालं, तेही सांगणार आहोत.

दिव्याची गोष्ट तुम्हाला नवीन नाही. पहिला पाऊस पडला की दारातल्या बल्बखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडतो. मग भिंतीवर पाल येते आणि अंगणात बेडूक येऊन बसतो. आपली पोरं त्याच दिवसांत बॅटरी घेऊन ओढ्याला खेकड्यांना जातात. बॅटरीचा झोत अंगावर पडला की खेकडा जागच्या जागी थबकतो. जेटीच्या दिव्याखाली याच तऱ्हेची गंमत असते, फक्त ती पाण्यात चालते.

दिवा पाण्यावर पडला की आधी डोळ्यांना नीट न दिसणारे बारीक जीव उजेडात गोळा होतात. त्यांना खायला जवळा आणि बारीक मासे येतात. त्यांच्या मागे म्हाकूल येतं. सगळ्यात शेवटी मोठा मासा येतो, पण तो उजेडात येत नाही. उजेड जिथे संपतो आणि अंधार सुरू होतो, त्या कडेला, जेटीच्या खांबाच्या सावलीत, पाण्याच्या ओढीकडे तोंड करून तो थांबतो. ओढीबरोबर खाणं वाहत त्याच्या तोंडाशी येतं. आपल्या दारातला बेडूक बल्बच्या बरोबर खाली बसत नाही, जरा बाजूला उंबऱ्याच्या आडोशाला बसतो, तसंच हे.

म्हणून नवखा माणूस गळ टाकतो तो दिव्याच्या मधोमध आणि हात हलवत परत येतो. काकींनी होडी दिव्यापासून लांब, अंधारात ठेवली. जिवंत कोळंबी गळाला लावली आणि ओढीच्या वरच्या बाजूला टाकली. कोळंबी आपसूक वाहत सावलीच्या कडेला गेली. ह्याला तिकडे गरवणं म्हणतात. होडीत बोलायचं नाही, वल्हं आपटायचं नाही, पाय घासायचे नाहीत. आम्ही चौघी एका जागी बसून अर्धा तास गप्प राहिलो, हे आमच्या घरच्यांना सांगितलं तरी खरं वाटलं नाही.

परदेशात हाच प्रकार हौसेने करतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लोक रात्री कयाक घेऊन धक्क्यांच्या दिव्यांखाली गळ टाकतात. कयाक म्हणजे एका-दोघांची बसकी, निमुळती होडी. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. आपल्याकडे तारकर्ली-देवबागला पर्यटकांसाठी अशा होड्या आल्या आहेत. आणि होडी चालवणं हे बायकांचं काम नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला वेंगुर्ल्याला पाठवा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः वल्हं मारून लोकांना कांदळवन दाखवतात. तोही आपल्यासारखाच बचत गट आहे.

आता आमच्या त्या रात्रीचं सांगतो. काकींनी आम्हाला कार्तिक वद्य द्वादशीला बोलावलं होतं. एकादशी धरली नाही, कारण आमच्यातल्या दोघी एकादशी करतात. पण वद्य पक्षच का? तर त्या दिवसांत चंद्र पहाटेकडे उगवतो. चांदणं असलं की सगळ्याच पाण्यावर उजेड असतो आणि दिव्याखाली मासा गोळा होत नाही.

भरतीची वेळही तिथीवरूनच काढतात. ही युक्ती आपण सगळ्याजणींनी शिकण्यासारखी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला ६. द्वादशीला ९. त्यानंतर सुमारे ६ तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. तिकडे तर तासभर अलीकडेच धरतात, पण हिशोब चुकत नाही. संकष्टी आणि एकादशी आपल्याला पाठ असतातच, तेव्हा हा हिशोब आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर जमेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी असते.

आम्ही सातच्या सुमाराला होडीत बसलो. भरती चढत होती. दिव्याखाली पाणी हिरवट दिसत होतं आणि त्यात बारीक माशांचा नुसता भोवरा फिरत होता. पहिल्या तासात काकींनी एक म्हाकूल आणि दोन तांबोशी काढल्या. पूर्ण भरतीला पाणी थांबलं, तसा मासाही थांबला. मग ओहोटी लागली आणि दोरीला असा हिसका बसला की होडीच अर्धी वळली.

तो चोणक होता. रायगडकडे त्याला जिताडा म्हणतात. हातभर लांब, चांदीसारखा. तो होडीजवळ आला तसं आमच्यातल्या एकीला राहवलं नाही. बघायला म्हणून ती उठून उभी राहिली. होडी एका अंगावर कलली, पाणी आत आलं आणि ती बाई गुडघ्यावर पडली. तिचा अर्धा हात आणि पदर पाण्यात. काकी ओरडल्या, "बसान रवा, उठू नकात!" त्यांनी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हातात माशाची दोरी. तेवढ्या वेळात ओहोटीने होडी जेटीपासून लांब नेली होती. दिवा बघता बघता लहान झाला. काकींनी दगडाचा नांगर टाकला तेव्हा होडी थांबली. मग पाणी उपसलं आणि काठाकाठाने वल्हं मारत परत आलो.

होडीत लाईफ जॅकेट एकही नव्हतं. आमच्यापैकी पोहता एकीलाच येत होतं. पदर पाण्यात गेलेली बाई जेटीवर उतरली तेव्हा रडत नव्हती, पण तिचे दात वाजत होते. आम्ही हे रेडिओवर सांगतोय कारण ही चूक आमची होती. काकींनी आधीच सांगितलं होतं की काहीही झालं तरी उठायचं नाही.

जेटीवर आल्यावर आम्हाला वाटलं, काकी परत जातील. मासा लागत होता, रात्र बाकी होती. पण त्यांनी गळ गुंडाळला. म्हणाल्या, दोन दिवसांचा खर्च निघाला, बास झालं. आम्ही विचारलं, एवढा मोठा चोणक रोज मिळतो का? तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. चोणक लहान असतो तेव्हा नर असतो. काही वर्षांनी, चांगला वाढला, की त्याची मादी होते. म्हणजे मोठा चोणक ही बहुतेक मादीच. अंडी घालणारी तीच. ती किती मारायची याला काही हिशोब हवा की नको?

हे काकींचं नुसतं म्हणणं नाही, शास्त्रही हेच सांगतं. फ्लोरिडात दिव्याखाली ज्या माशासाठी लोक रात्र जागवतात तो स्नूक आपल्या चोणकाच्या भावकीतलाच आहे. तोही नराची मादी होतो. तिथे कायदा असा आहे की एका माणसाने दिवसाला एकच स्नूक न्यायचा, तोही ठरलेल्या मापातला. फार लहान असला तर परत सोडायचा, फार मोठा असला तरी परत सोडायचा. काही महिने तर तो धरायलाच बंदी. काकींना हा कायदा माहीत नव्हता. त्या आपल्या मनानेच एकावर थांबल्या.

आम्ही जेटीच्या पायरीवर चहा पीत बसलो होतो. खाडीच्या मुखातून बाहेर समुद्रात एक मोठा उजेड दिसत होता. चैत्रात जोतिबाचा डोंगर लांबून दिसतो ना, तसा. आम्ही विचारलं, तिकडे कुठलं गाव? काकी म्हणाल्या, गाव नाही, बोटी आहेत.

त्या एलईडीच्या बोटी. बोटीवर जनरेटर असतो, वर आणि पाण्यातही प्रखर दिवे सोडतात. काकींच्या जेटीला जे एका बल्बने होतं तेच तिथे शेकडो पटींनी होतं. लांबलांबचे थवे उजेडात गोळा होतात. मग भोवतीने मोठं जाळं टाकतात आणि खालून त्याचं तोंड आवळतात, आपण बटव्याची दोरी ओढतो तसं. आत आलेलं सगळंच अडकतं. मोठा, लहान, अंड्यांवर आलेला, कालपरवा जन्मलेला, काही फरक नाही. काकींसारखे छोट्या होडीवाले आणि रापणवाले किनाऱ्याजवळ मासा येण्याची वाट बघतात. त्यांची तक्रार हीच आहे की मासा आमच्यापर्यंत पोचतच नाही, वाटेतच उचलतात.

असं नाही की याला कायदा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर बंधनं घातली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी लावून मासेमारी करायला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा मासेमारी नियमनाचा कायदा बदलला आणि अशा मासेमारीला लाखांचा दंड ठेवला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी राज्याच्या ताब्यात असतं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि ५४ जातींच्या माशांचं कमीत कमी माप ठरवून दिलं. त्याहून लहान मासा पकडू नये, असा त्याचा अर्थ. कायदा कागदावर आहे आणि उजेडही आम्ही डोळ्यांनी बघितला.

इथपर्यंत दुसऱ्याचं झालं. आता आमचं सांगतो.

परत आल्यावर दोन-अडीच महिन्यांनी एका व्यापाऱ्याने आम्हाला तारली आणि बांगड्याचे क्रेट निम्म्या भावाने देऊ केले. आम्ही ३ क्रेट घेतले. निम्मा भाव म्हटल्यावर कोण सोडतं? घरी बर्फ बाजूला केला तर वरच्या थरात बरा माल आणि खाली बोटाबोटाएवढे बांगडे. बाजारात गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, ह्यात खायचं काय, काटं?" उरलेला माल वाळवायला घातला तर तो वाळून नुसता कडबा झाला. गटाला साडेतीन हजारांचा खड्डा पडला.

पुढच्या बैठकीत आमच्यातली, जी होडीत पडली होती तीच, म्हणाली, असला बारीक माल यापुढे घ्यायचा नाही. मग भांडण पेटलं. एक बाई म्हणाली, "तुम्ही समुद्र बघून आलासा, म्हणून शहाण्या झालासा. माझ्यावर कर्जाचा हप्ता आहे. स्वस्तातला माल मिळाला तरच माझ्या पाटीत चार पैसे उरतात. आपण नाही घेतला तर दुसरी घेईल. बोटी काय त्यासाठी थांबणार आहेत?" तिचं खोटं नव्हतं. आमच्या ३ क्रेटनी समुद्राला काय फरक पडणार, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. आणखी एक अडचण होती. मासा तोंडाने सांगत नाही की तो कुठल्या दिव्याखाली सापडला. टेम्पोतून आलेला बांगडा एलईडीचा की रापणीचा, हे बघून कळत नाही.

तीन बैठका झाल्या. शेवटी हात वर करून ठरवलं, ७ विरुद्ध ५. जे कळत नाही त्यावर नियम करायचा नाही, जे हाताने मोजता येतं त्यावर करायचा. बांगडा साधारण वीतभर झाल्यावर अंड्यांवर येतो. म्हणून वीतभरापेक्षा लहान बांगड्याचा क्रेट आम्ही घेत नाही. क्रेट वरून बघायचा नाही, तळापर्यंत हात घालून बघायचा. आणि भाव अचानक निम्मा झाला तर आधी विचारायचं, का?

हप्त्याचं बोलणारी बाई ५ जणींत होती. तिचं नुकसान गटाने का सोसू नये, असा विचार पुढे आला. गटाच्या बचतीतून तिला जून-जुलैसाठी बिनव्याजी रक्कम दिली. त्यातून तिने हंगामात मोठा बांगडा घेऊन नीट मीठ लावून वाळवला. पावसाळ्यात तो चांगल्या भावाने गेला. पण सगळं गोड झालं असं सांगणार नाही. ५ जणींपैकी एक गट सोडून गेली आणि आज तोच बारीक माल आमच्या समोरच्या रांगेत विकते. कधी कधी तिची पाटी आमच्या आधी रिकामी होते. आम्ही तिच्याशी बोलणं तोडलेलं नाही. तिची गरज आम्हाला ठाऊक आहे.

काकींना आम्ही एक गोष्ट पाठवली. गटातून ३ लाईफ जॅकेट घेतली, दोन त्यांच्या होडीसाठी आणि एक इथे ठेवलं. त्यांनी फोनवर विचारलं, "ह्याचे पैसे मालात कापतलात काय?" आम्ही म्हटलं, नाही, त्या रात्री हात धरलात त्याचे आहेत.

मैत्रिणींनो, रात्री पाण्याकाठी जाणारं माणूस तुमच्याही घरात असेल. समुद्राला नसेल, भोगावतीला असेल, दूधगंगेला असेल, धरणाच्या फुगवट्यात जाळं टाकणारं असेल. त्यांच्यासाठी चार गोष्टी. एकट्याने जायचं नाही आणि कुठे जातो, कधी येणार हे घरी सांगून जायचं. होडीत उभं राहायचं नाही. लाईफ जॅकेट नसेल तर रात्री होडीत पायच ठेवायचा नाही. गळ्यात एक शिट्टी बांधायची, ती दहा-वीस रुपयांना मिळते आणि अंधारात हाकेपेक्षा लांब ऐकू जाते. पावसाळ्यात खेकड्यांना जाणाऱ्या पोरांना बजावून सांगा. राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडतात, रात्र आहे की दिवस ते बघत नाहीत. दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर नदीपात्रात उतरायचं नाही. आणि पाण्यात वीज सोडून मासे मारणाऱ्यांच्या नादाला तर कोणीच लागू नये, त्यात माशाबरोबर माणूसही जातो.

जेटीवरच्या त्या दिव्याचं एक सांगायचं राहिलं. तो दिवा मासे पकडायला लावलेला नाहीच. पहाटे बोटी लागतात तेव्हा बाया पायऱ्यांवर बसून मासळी निवडतात, लिलाव करतात, ओल्या पायरीवरून पाट्या घेऊन चढतात. त्यांना दिसावं म्हणून काकींनी आणि तिथल्या बायांनी तो मागून घेतला होता. त्याच्या आधी दोघीजणी अंधारात घसरून पडल्या होत्या. मासा नंतर आला, दिवा बायांसाठी आला होता. तेव्हा तुमच्या गावात नदीच्या घाटावर, पाणवठ्यावर, बाजाराच्या कट्ट्यावर दिवा नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत गटाने मिळून तो मागा. आम्ही आमच्या बाजारकट्ट्यासाठी अर्ज दिलाय. पहाटे चारला क्रेटच्या तळाशी काय आहे ते बघायला आम्हालाही उजेड लागतोच.

पुढच्या आठवडी बाजारात आमच्या पाटीशी या. बांगडा हातात घ्या, वीत लावून बघा. लहान निघाला तर तिथल्या तिथे आम्हाला सांगा.